कुणालाही उद्देशून नाही

समुद्रकाठचं अख्खं तांगा शहर झुवेनाच्या तोंडाला टरकून असायचं, आणि झुवेना टरकायची मासेवाल्याला. रोज सकाळी तो म्हातारा कालचे बांगडे आजचे म्हणून तिच्या गळ्यात मारायचा आणि ही मान डोलावून घ्यायची. मग आतून मोझा आत्या बाहेर यायची, माशाचा कल्ला उघडून त्याच्या नाकाला लावायची आणि म्हणायची, "हा मासा मेला तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते का रे?" झुवेना दाराआड उभी राहून लाजेनं अर्धी व्हायची.

हीच झुवेना रविवारी दुपारी हिरव्या चमचमत्या झग्यात 'कासा मॉडर्न ताराब' बँडच्या पुढे उभी राहिली, की हॉलमधल्या निम्म्या बायकांना घाम फुटायचा.

आमच्याकडे दोन बायकांचं वाजलं तर त्या एकमेकींच्या झिंज्या धरत नाहीत. निदान आधी तरी नाही. आधी त्या हेमेदीकडे जातात. हेमेदी हा बँडचा मालक; ताराब म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणंबजावणं. ऑर्गन वाजवतो, गाणी लिहितो, आणि तोंडावर इतकी कणव आणून ऐकतो की बाई येताना जेवढं सांगायचं ठरवून येते त्याच्या दुप्पट सांगून जाते. सवत, जाऊ, शेजारीण, उसनी साखर परत न करणारी मैत्रीण, कुणीही असो. हेमेदी त्यातलं नाव काढतो, खोडी ठेवतो, चाल लावतो. मग एखाद्या लग्नात झुवेना ते गाणं गाते. जिनं लिहून घेतलंय ती बाई कंबर हलवत स्टेजपर्यंत येते, झुवेनाच्या हातात नोट सरकवते, आणि जिच्यासाठी गाणं आहे तिच्याकडे सावकाश वळून बघते. नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं तर ती शिवी होते.

चौदा वर्षं झुवेना हे करत होती. शब्द हेमेदीचे, राग दुसऱ्या कुणाचा, बोट मात्र हिचं. त्या उजव्या हाताच्या बोटाला शहरात मान होता. ते कुठं थांबतं याकडे सगळ्यांचे डोळे असायचे.

हे बिनसलं एका जूनमध्ये. चुंबागेनीतल्या एका लग्नात हेमेदीनं तिला नवीन गाण्याचा कागद ऐन वेळी दिला. "दोन कडवी तुला माहीत आहेत. तिसरं सकाळीच सुचलं. कागदावर बघून म्हण." गाण्याचं नाव 'शिळा भात'.

"ताजं ताट वाढलंय बाई, वाफ तरी बघ,
शिळ्या भाता, झाकणाखाली मुकाट्यानं नीज."

हॉल पहिल्याच ओळीला पेटला. बायका उभ्या राहिल्या. झुवेनानं बोट उचललं, डावीकडून उजवीकडे फिरवलं, आणि तिसऱ्या कडव्याला कागदाकडे बघितलं.

"डाव्या गाली तीळ मिरवी, आरशाला ती भाळे,
तीळ राहिला जागेवरती, नवरा मात्र पळे."

डाव्या गालावर तीळ झुवेनाच्या होता. नवरा झुवेनाचा पळाला होता. रजबू त्याचं नाव, आणि ज्या सिकुजुआकडे तो पळाला ती समोरून सोनेरी झग्यात, हातात नोट घेऊन, नाचत येत होती.

दुसरी कुणी असती तर थांबली असती. झुवेनाला थांबणं जमलं नाही, कारण थांबायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं. ती गात राहिली. फिरवायला बोट तर वर होतं, पण त्याला जायला जागा नव्हती, तेव्हा ते तिनं स्वतःच्या गालावरच्या तिळावर टेकवलं. हॉल वेडा झाला. तीन वन्समोअर मिळाले. चौदा वर्षांत कुठल्याच गाण्याला एवढे मिळाले नव्हते.

"मला काय ठाऊक तुझ्या गालावर तीळ आहे," हेमेदी नंतर वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "मी नेहमी तुझ्या मागे बसतो."

झुवेना तशीच घरी गेली. चौथ्या दिवशी तिनं हिरवा झगा धुतला, इस्त्री केला, आणि मोझा आत्याच्या हाती हेमेदीकडे पाठवून दिला. आत्यानं झगा पोचवला आणि त्यासोबत हेमेदीला त्याच्या आईपासून आजीपर्यंत जे काही ऐकवलं, त्यावर एक अख्खा अल्बम निघाला असता.

पण झुवेनाला वेगळा अल्बम काढायचा होता. स्वतःचा. ताराबचा नव्हे, पॉपचा, पोरं मोबाइलवर वाजवतात तसला. शाळेच्या वहीत तिनं सात गाणी लिहून ठेवली होती. कधी लिहिली ते आत्यालाही माहीत नव्हतं. एक आईच्या नारळाच्या खवणीवर, एक दुपारच्या झोपेवर, एक सायकलच्या कॅरियरवर बसून समुद्राला जाण्यावर, एक वाऱ्यावर, एक विहिरीवर, अशी. सगळी गोड. आत्यानं वही वाचली, उलटी करून पाठीमागे काही आहे का बघितलं, आणि विचारलं, "यात शिव्या कुठायत?"

"नाहीत."

"मग लोक ऐकतील कशाला?"

बाराव्या गल्लीत चाम्बीचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे त्याच्या आईच्या केस विंचरायच्या दुकानामागची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. त्यामुळे चाम्बी स्वतः चटईवर झोपायचा. वय तिशीचं, चष्मा जाड, आणि संगीत सगळं कॉम्प्युटरमध्ये. झुवेना दारात उभी राहिली तेव्हा तो उठून उभाच राहिला.

"मावशी, तुमच्या एका गाण्यामुळे माझे वडील घर सोडून गेले," तो म्हणाला.

झुवेनाचा चेहरा उतरला. "अरे देवा. माफ कर रे."

"माफी कसली? तेव्हापासून आई रात्री नीट झोपते. बसा ना."

पहिल्याच दिवशी अडचण कळली. चाम्बीनं सायकलचं गाणं लावलं, हलकासा ठेका, मागे गिटार. झुवेनानं माइकसमोर कंबरेवर हात ठेवला, दुसरा हात उचलला आणि सुरुवात केली. चाम्बीनं अर्ध्यातच यंत्र बंद केलं.

"मावशी, या ओळीत तुम्ही म्हणताय की तुझ्या पाठीला गाल टेकला."

"हो."

"ऐकायला असं येतंय की तुझी पाठ सोलते."

पुन्हा केलं. आता पाठ सोलण्याऐवजी नुसती मोडल्यासारखी वाटली. 'वारा' या गाण्यात वाऱ्यानं तिचं काहीतरी चोरलंय आणि ती आता पोलिसात जाणार आहे, असा सूर लागला. झोपेच्या गाण्याला चाम्बीची आई कंगवा घेऊन आत धावत आली आणि कोण भांडतंय म्हणून बघून गेली. आठ दिवस हे चाललं. झुवेना घरी जाऊन उशीशी, मांजराशी, आत्याच्या पाठमोऱ्या डोक्याशी गोड गाऊन बघायची. आत्या म्हणायची, "मी काय केलंय ते सरळ सांग."

नवव्या दिवशी चाम्बीच्या लक्षात आलं. आवाज हातातून येत होता. हात वर गेला की गळ्यात काटा उभा राहायचा. त्यानं एक बुटका स्टूल आणला. "बसून गायचं. आणि हात मांडीखाली घालायचे, तळवे खाली. काढायचे नाहीत."

"मी काय शाळेत आहे?"

"आजच्या दिवस."

झुवेना हातांवर बसली. ठेका सुरू झाला. तिनं तोंड उघडलं आणि हात उचलायला गेली. ते उचलता येईनात. जे काही हातातून बाहेर पडायचं त्याला वाट राहिली नाही, आणि ते मागं फिरून कुठंतरी छातीत बसलं.

"पोतं दुमडून मऊ केलंस,
कॅरियरवर मला घेतलंस,
उतार आला, 'धर' म्हणालास,
मी आधीच धरलं होतं."

गाणं संपल्यावर चाम्बी बराच वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडेच बघत बसला. झुवेनाला वाटलं, पुन्हा बिघडलं. ती म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात. एकदा काढू का?"

"काढा, मावशी," चाम्बी चष्मा पुसत म्हणाला. "झालं."

सातही गाणी तीन आठवड्यांत हातांवर बसून झाली. कव्हरवर झुवेनाचा निळ्या, अंगाला गुंडाळायच्या सुती खांग्यातला हसरा फोटो आला. आणि खाली, तिच्या हट्टापायी, बारीक अक्षरांत एक ओळ: या गाण्यांतलं काहीही कुणालाही उद्देशून नाही.

मोझा आत्यानं चष्मा चढवून ती ओळ दोनदा वाचली. "हे तू छापलंस?"

"लोकांचा गैरसमज नको."

"पोरी, आता बघ."

आणि झालंही तसंच. पहिल्या आठवड्यात सीडी केस विंचरायच्या दुकानांत वाजली, दुसऱ्यात मिनीबसमध्ये, आणि तिसऱ्यात सगळं शहर कामाला लागलं. झुवेनानं, साक्षात झुवेनानं, सात गाणी काढलीत आणि ती कुणाला नाहीत म्हणे. कुणाला नसती तर छापायची काय गरज होती? नळावर, बाजारात, हॉस्पिटलच्या रांगेत बायका एकेक ओळ सोलू लागल्या. खवणीचं गाणं मकोरोरातल्या एका शिक्षिकेला चिकटलं, कारण बिचारीचे दात पुढे होते. विहिरीचं गाणं एका विधवेला, कारण तिच्याकडे पाणी भरायला फार पुरुष यायचे. दुपारच्या झोपेबद्दल तर मतभेदच नव्हता: तो वॉर्डाचा नगरसेवक. सभेत त्याचा डोळा लागल्याचा फोटो पेपरात आलेला होता.

नगरसेवक दोन माणसं घेऊन घरी आला. "मी जनतेसाठी जागतो," तो म्हणाला.

"साहेब, ते माझ्याच झोपेवर आहे," झुवेना चाचरत म्हणाली. "मला दुपारी झोप लागते."

"मग 'खुर्ची' हा शब्द कशाला?"

"मी खुर्चीत झोपते."

आतून आत्या म्हणाली, "खुर्ची दाखवू का साहेबांना? निवडणुकीपेक्षा जुनी आहे." साहेब चहा न घेता गेले. जाताना मात्र दोन सीड्या घेऊन गेले, पुरावा म्हणून.

कॅरियरचं गाणं कुणाचं याबद्दल तर कुणी वादही घातला नाही. सायकल रजबूची. त्या कॅरियरवर आता सिकुजुआ बसत असणार, आणि सिकुजुआ अंगानं भरदार. 'पोतं दुमडून' म्हणजे दुसरं काय? बाई म्हणजे पोतं. 'उतार आला' म्हणजे वय उतरलं. एवढा बारीक टोमणा हेमेदीलाही कधी जमला नव्हता, असं जाणकार बायका म्हणाल्या, आणि झुवेनाच्या हुशारीला हात जोडले.

सिकुजुआनं हेमेदीकडे धाव घेतली. हेमेदीनं कणव तोंडावर आणली आणि दहा दिवसांत 'पंक्चर' नावाचं गाणं बाहेर काढलं. गायला नवी मुलगी, हिरवा झगा तोच, कंबरेत आत घेतलेला.

"हवा गेली, ट्यूब उरली,
आता वाजव घंटी."

आता शहरात दोन्ही गाणी एकामागोमाग वाजू लागली, कारण एकाशिवाय दुसऱ्याला चव नव्हती. लग्नात झुवेनाचं गोड गाणं लागलं की बायका उठून एकमेकींसमोर 'मी आधीच धरलं होतं' म्हणत अशा काही मुठी आवळायच्या की नवरदेव बिचकायचा. चाम्बी खूश होता. त्याच्याकडे एकदम चार नवे गायक आले. झुवेना मात्र घराबाहेर पडेना.

"मी प्रेमाचं लिहिलं होतं," ती आत्याला म्हणाली.

"लिहिलंस गं. पण चौदा वर्षं तू मिरची विकलीस. आता त्याच दुकानात साखर ठेवलीस तर लोक आधी शिंकणारच."

एका मंगळवारी दुपारी सिकुजुआ स्वतःच आली. एकटी, साध्या काळ्या बुरख्यात, हातात सीडी. आत्यानं दार उघडलं, तिला नखशिखान्त बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता आत गेली. पडद्यामागे तिचे पाय दिसत होते.

"बसायला आले नाही," सिकुजुआ म्हणाली आणि बसली. "एकच विचारते. खरं सांग. कॅरियरवरची बाई मी आहे का?"

"नाही," झुवेना म्हणाली.

"शपथेवर?"

"शपथेवर."

सिकुजुआनं सीडी मांडीवर उलटी केली. मागे गाण्यांची नावं होती. "मग खवणीत?"

"ती माझ्या आईची खवणी."

"विहिरीत?"

"ती नुसती विहीर आहे."

"वाऱ्यात तरी?"

झुवेनानं मान हलवली. सिकुजुआचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आली तेव्हा ती रागावलेली होती. आता ती दुखावलेली दिसत होती, आणि ते फार वाईट दिसत होतं.

"म्हणजे मी तुझा नवरा नेला," ती म्हणाली. "तुझ्याच तोंडून तुला भर लग्नात शिव्या घालवल्या. आणि तू घरी बसून सात गाणी लिहिलीस, त्यात माझ्यासाठी एक ओळ नाही?"

"माझ्या लक्षात नाही आलं," झुवेना म्हणाली. खोटं बोलायला तिला सुचलंच नाही.

पडद्यामागून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

"मग सायकल कुणाची?" सिकुजुआनं विचारलं.

"रजबूची."

"म्हणजे माझ्याच घरची."

"तेव्हाची," झुवेना म्हणाली.

सिकुजुआनं सीडी बाजूला ठेवली. मग सिकुजुआनं खालच्या आवाजात विचारलं, "कसा होता गं तो तेव्हा?"

झुवेनाला वाटलं होतं आपल्याला सांगता येणार नाही. पण आलं. शुक्रवारी नमाजानंतर तो तिला रासकाझोनीच्या किनाऱ्यावर न्यायचा. कॅरियरची सळई टोचू नये म्हणून रिकामं पोतं चौघडी करून बांधायचा. रस्त्यावर कुणी नसतानाही घंटी वाजवायचा. उतारावर बेसूर गायचा, इतकं बेसूर की ती पाठीवर तोंड दाबून हसायची. पाण्याशी पोचल्यावर भाजलेला ऑक्टोपस घ्यायचा आणि मोठा तुकडा तिला देऊन मग दुसरा मोठा तुकडा स्वतः पळवायचा.

"आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली," सिकुजुआ म्हणाली. "मला म्हणतो, सायकल नको, गुडघा दुखतो."

"दुखतो खरंच. फुटबॉल खेळताना लागलेलं."

"हो का. मला वाटायचं माझ्या वजनाला बोलतोय." तिनं डोळ्यांच्या कडा बुरख्याला पुसल्या. "एक सांगू? त्या लग्नात मला वाटलं होतं, तिसऱ्या कडव्याला तू थांबशील. थांबली नाहीस. तू ते इतकं मन लावून गायलीस की मला वाटलं, शिळा भात मीच आहे. घरी जाऊन मी रडले."

तेवढ्यात आत्या पडदा सारून बाहेर आली. तिच्या हातात कॉफीची किटली आणि शेंगदाण्याची चिक्की होती. "घ्या," ती म्हणाली, "नवरा एकच होता, चिक्की पुष्कळ आहे."

सिकुजुआनं तीन कप कॉफी घेतली. उठताना ती दारात थांबली. "पुढच्या अल्बममध्ये माझ्यावर एक गाणं कर. गोड नको. माझ्याबद्दल गोड कुणी खरं मानणार नाही. पण माझंच हवं, शेजारणीला लागू पडणारं नको."

"बघते," झुवेना म्हणाली.

आठवड्याभरात सिकुजुआनं शहरभर सांगितलं की झुवेनाची गाणी खरंच कुणालाही उद्देशून नाहीत, तिनं स्वतः जाऊन विचारलंय. त्याचा एवढाच परिणाम झाला की लोक म्हणाले, बघा, कशी घाबरली. मकोरोराची शिक्षिका मात्र एकदा रस्त्यात झुवेनाला भेटली आणि म्हणाली, "गाणं माझ्यावर नसलं तरी चालेल, पण लोकांना सांगू नका. वर्गातली मुलं आता ऐकतात माझं." झुवेनानं कबूल केलं.

ऑगस्टमध्ये लुशोतोहून बोलावणं आलं. वर डोंगरात, शेतकऱ्यांच्या जत्रेत दुपारचा कार्यक्रम. चाम्बी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसला, झुवेना खिडकीशी, आत्या दोघांच्या मध्ये आणि दोघांच्याही वर. घाटात आत्यानं बसच्या चालकाला गाडी कशी चालवतात ते शिकवलं.

वर थंडी होती. झुवेनानं खांग्यावर कुणाचा तरी लोकरीचा स्वेटर चढवला आणि स्टेजवरच्या स्टूलावर बसली. समोर कोबीच्या गाड्या, नासपतीच्या टोपल्या, आणि दोनेकशे माणसं. त्यांना रजबू कोण ते ठाऊक नव्हतं. सिकुजुआ ठाऊक नव्हती. हिरवा झगा, हेमेदी, तीळ, काही काही ठाऊक नव्हतं.

पहिलं गाणं झालं. कुणी उठलं नाही. कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही. चौदा वर्षांत असे ऐकणारे झुवेनानं बघितले नव्हते. तिनं चाम्बीकडे बघितलं. चाम्बीनं दुसरं लावलं. मग तिसरं. चौथ्याला तिला पुढच्या रांगेत एक बाई दिसली, पाठीशी बाळ बांधलेलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नुसती डुलत होती. तिच्या बाजूचा शेतकरी तोंड उघडं ठेवून ऐकत होता, हातातला सोललेला नासपती तसाच. मागे पोरी नाचत होत्या. एकमेकींच्या अंगावर जाऊन नव्हे, नुसत्याच.

झुवेनाला गाता गाता हसू फुटलं आणि एक ओळ चुकली. कुणाला कळलंही नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारा काठी टेकत स्टेजपाशी आला. "ते झोपेचं पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

"तुम्हाला आवडलं?" झुवेनानं विचारलं.

"मला ऐकूच आलं नाही. मी झोपलो होतो. पण बायको म्हणाली चांगलं आहे."

चाम्बीनं तारा काढायला घेतल्या होत्या. झुवेनानं त्याला थांबवलं, म्हाताऱ्याला स्टेजच्या कडेला, स्वतःच्या अगदी शेजारी बसवलं, आणि ते गाणं त्याच्यासाठी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. या खेपेला तो शेवटपर्यंत जागा राहिला.